पिकाच्या उताऱ्याचा नकाशा: कच्च्या आकड्यांपासून शेतातल्या खड्ड्यापर्यंत

काढणी झाली, धान्य वजनकाट्यावरून गेलं, की हाती एक आकडा येतो: हेक्टरी ६० क्विंटल. आकडा खरा असतो, पण मुका असतो. सगळ्या शेतात सारखंच पिकलं तरी सरासरी ६०, आणि अर्ध्यात ८० व अर्ध्यात ४० पिकलं तरी ६०च. पहिल्या शेतात फारसं काही बदलायचं नसतं. दुसऱ्यात मात्र कुठला भाग मागे पडला हे कळलं, तर पुढच्या हंगामाचं खत, बियाणं, पाणी सगळंच वेगळं ठरवता येतं. उताऱ्याचा नकाशा लागतो तो या ‘कुठे’साठी. ‘का’ हे तो सांगत नाही. नवखी मंडळी नेमकी इथेच फसतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

पुढचं सगळं मी क्यूजीआयएस धरून लिहिलं आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ साली सुरू केलेलं हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. हार्वेस्टर बनवणाऱ्या कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअरंही असतात. ती सोपी असतात, पण आत काय करतात ते दाखवत नाहीत. शिकायचं असेल तर एकदा तरी सगळं हाताने करून बघावं.

आधी, आकडा येतो कुठून?

हार्वेस्टरवरचा यील्ड मॉनिटर उतारा थेट मोजत नाही, तो हिशोब करून काढतो. धान्य टाकीत पडताना वाटेतल्या एका पट्टीवर आदळतं. त्या धक्क्याच्या जोरावरून सेकंदाला किती किलो धान्य आलं ते कळतं. दुसरा सेन्सर ओलावा मोजतो, जीपीएस जागा आणि वेग देतं, आणि कापणीची रुंदी चालकाने सुरुवातीला भरलेली असते. मग भागाकार: एका सेकंदात आलेलं धान्य भागिले त्या सेकंदात कापलेली जमीन.

समजा सेकंदाला ८ किलो धान्य येतंय, रुंदी ६ मीटर आहे आणि वेग सेकंदाला १.६ मीटर. म्हणजे सेकंदाला ९.६ चौरस मीटर जमीन कापली जाते. ८ ला ९.६ ने भागलं की चौरस मीटरला ०.८३ किलो, म्हणजे हेक्टरी सुमारे ८३ क्विंटल. आता शेवटच्या पट्ट्यात फक्त ३ मीटर पीक उरलं असेल आणि यंत्र अजून ६ मीटरच धरून बसलं असेल, तर धान्य निम्मं येतं, जमीन मात्र पूर्ण मोजली जाते. नकाशावर तिथे हेक्टरी ४२ क्विंटल दिसतं. पिकाचा काहीच दोष नाही.

हे गणित एकदा डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या चुका आपोआप ओळखू येतात. म्हणून इथे जरा थांबून स्वतःच्या यंत्राचे आकडे घालून एकदा करून बघा.

पायरी १: माहिती बाहेर काढा

यंत्राच्या स्क्रीनवर दिसणारं रंगीत चित्र नको. त्यामागचे बिंदू हवेत. ते बहुतेक वेळा शेपफाइल म्हणून मिळतात. नाव एकच असलं तरी ती एक फाइल नसते. एसएचपी, एसएचएक्स आणि डीबीएफ हे तीन भाग तर लागतातच, शिवाय पीआरजे भागात नकाशाची मोजमाप पद्धत लिहिलेली असते. यातला एकटा एसएचपी भाग कुणी ईमेलने पाठवला तर त्याचा काही उपयोग नाही. सगळं फोल्डरच मागून घ्या.

मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. मग तक्ता उघडून स्तंभ बघा: उतारा, ओलावा, वेग, रुंदी, दिशा, वेळ, उंची. शेपफाइलमध्ये स्तंभाचं नाव दहा अक्षरांपुरतंच बसतं, त्यामुळे नावं तुटकी दिसतील. एककही तपासा. बऱ्याच यंत्रांत उतारा एकरी बुशेलमध्ये असतो. मक्याचा बुशेल २५.४ किलोचा, गव्हाचा २७.२ किलोचा. म्हणजे मक्याच्या एकरी बुशेलला ०.६२८ ने गुणलं की हेक्टरी क्विंटल मिळतात. गव्हासाठी हाच गुणक वापरला तर हिशोब चुकतो.

पायरी २: अंशांतून मीटरमध्ये या

जीपीएसची माहिती अक्षांश-रेखांशात असते, क्यूजीआयएस तिला ईपीएसजी ४३२६ म्हणून ओळखतं. अंशांत अंतर आणि क्षेत्रफळ नीट मोजता येत नाही. त्यामुळे ‘रिप्रोजेक्ट लेअर’ वापरून माहिती यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत आणा. जगाचे ६-६ अंशांचे ६० पट्टे केलेले असतात, आपला पट्टा रेखांशावरून काढता येतो: पूर्व रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, अपूर्णांक सोडा आणि १ मिळवा. पश्चिम रेखांश असेल तर तो उणे धरून हेच करायचं. ही पायरी दोन मिनिटांची आहे, पण वगळली तर पुढे ‘१० मीटरचे चौकोन’ मागितल्यावर सॉफ्टवेअर १० अंशांचा एक चौकोन काढून त्यात अख्खं शेत बसवतं.

पायरी ३: साफसफाई

सगळा वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. कच्च्या माहितीवरून काढलेला नकाशा दिसायला छान असतो, त्यामुळे जास्तच घातक.

पहिला दोष उशिराचा. पीक कापलं गेल्यापासून धान्य सेन्सरपर्यंत पोचायला साधारण दहा-पंधरा सेकंद लागतात. मळणी व्हायची, चाळणीतून जायचं, वर चढायचं. तोवर यंत्र पुढे गेलेलं असतं. १२ सेकंदांचा उशीर आणि सेकंदाला १.६ मीटर वेग धरला तर धान्याची नोंद खऱ्या जागेपासून १९ मीटर पुढे पडते. शेजारच्या पट्ट्यात यंत्र उलट दिशेने येतं, म्हणून तिथली चूकही उलट दिशेने १९ मीटर. म्हणजे एकमेकाला लागून असलेल्या दोन पट्ट्यांत ३८ मीटरचा फरक. ओळखायचं कसं? शेतात एखादी सरळ सीमा शोधा, उदाहरणार्थ जुनी वाट किंवा जिथे जमीन एकदम बदलते अशी रेघ. नकाशावर ती करवतीच्या दातांसारखी दिसत असेल, तर उशिराचा आकडा चुकला आहे. आकडा एक-एक सेकंदाने बदलत दात बसेपर्यंत बघायचं. बहुतेक यंत्रं आपल्याकडून काही सेकंद आधीच वजा करतात, म्हणून दुरुस्ती फक्त उरलेल्या फरकाची करायची.

या कामासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधन विभागाने तयार केलेलं ‘यील्ड एडिटर’ हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. ते उशिराचा आकडा स्वतःहून सुचवतं आणि पुढचे बरेच दोषही गाळतं. क्यूजीआयएसमध्ये उशीर दुरुस्त करणं जमतं, पण जिकिरीचं आहे. बाकीची गाळणी मात्र ‘सिलेक्ट बाय एक्स्प्रेशन’ने सहज होते.

दुसरा दोष पट्ट्याच्या दोन टोकांना. यंत्र पिकात शिरतं तेव्हा ते आतून रिकामं असतं आणि भरायला काही सेकंद लागतात. त्या काळात जमीन मोजली जाते, पण धान्य येत नाही. पट्ट्याच्या शेवटी याच्या उलट घडतं. म्हणून प्रत्येक पट्ट्याचे सुरुवातीचे आणि शेवटचे काही बिंदू काढून टाकायचे. हे केलं नाही तर बांधालगत सगळीकडे उतारा कमी दिसतो आणि माणूस सावलीला, उंदरांना, वळणावर दबलेल्या मातीला दोष देत बसतो. यातलं काही खरंही असू शकतं, पण आधी यंत्राचा दोष बाजूला काढल्याशिवाय कळणार नाही.

तिसरा वेगाचा. चालकाने एकदम ब्रेक मारला की वेग शून्याजवळ येतो, पण आतलं धान्य येतच राहतं. भागाकारात खालचा आकडा लहान झाला की उतारा गगनाला भिडतो. हेक्टरी ३०० क्विंटलचा एखादा बिंदू दिसला तर तो हाच. फार कमी आणि फार जास्त वेगाचे बिंदू गाळा, शिवाय लगतच्या दोन नोंदींत वेग एकदम बदललेला असेल तेही.

चौथा रुंदीचा, त्याचं उदाहरण वर आलंच. अरुंद पट्टे नकाशावर लांबलचक लाल, म्हणजे कमी उताऱ्याच्या, रेघांसारखे दिसतात. पिकं अशा सरळ रेघांत मार खात नाहीत, निदान यंत्राच्या रुंदीएवढ्या तरी नाही. अपवाद पेरणीयंत्राचं तोंड तुंबल्याचा किंवा फवाऱ्याच्या बंद नोझलचा. तेही सरळ रेघच काढतात, म्हणून रेघ पुसण्याआधी तिची रुंदी मोजा: हार्वेस्टरएवढी की पेरणीयंत्राएवढी?

उरलेल्यांसाठी सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडचे बिंदू काढायची पद्धत आहे (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप). ती वापरा, पण खालच्या बाजूला जपून. पाणी साचून पीक गेलेली जागा खरोखरच शून्याजवळ असते. एकटा पडलेला शून्य बिंदू चूक असण्याची शक्यता जास्त. शेजारचे वीस बिंदूही शून्याजवळ असतील तर ती माहिती आहे, आणि बहुधा नकाशातली सगळ्यात मोलाची. एकदा मी असाच एक कोपरा ‘घाण’ समजून उडवला होता. नंतर शेतात गेल्यावर तिथे घोट्याएवढा चिखल निघाला.

सगळं करून दहा-वीस टक्के बिंदू गेले तर घाबरू नका. वरच्या उदाहरणाच्या हिशोबाने हेक्टरी हजाराहून जास्त बिंदू असतात, उरलेले पुष्कळ आहेत.

आता ओलावा. शेताचा एक भाग २० टक्के ओलाव्यावर कापला आणि दुसरा १५ वर, तर पहिल्याचं वजन पाण्यामुळे फुगलेलं असतं. सगळे बिंदू एका ठरावीक ओलाव्यावर आणा: उतारा गुणिले (१०० वजा मोजलेला ओलावा), भागिले (१०० वजा ठरलेला ओलावा). मक्यासाठी १५.५ टक्के धरायची पद्धत बरीच रूढ आहे. त्या हिशोबाने २० टक्क्यांवर मोजलेले ९० क्विंटल सुमारे ८५ वर येतात. कधीकधी यंत्राने हे आधीच केलेलं असतं. ओला आणि कोरडा असे दोन स्तंभ आहेत का, ते बघून घ्या.

शेवटची परीक्षा वजनकाट्याची. प्रत्येक बिंदूचा उतारा आणि त्याचं क्षेत्र यांचा गुणाकार करून बेरीज घ्या आणि काट्यावरच्या वजनाशी ताडून बघा. ही बेरीज उतारा ज्या ओलाव्यावर आणलाय त्याच ओलाव्याच्या वजनाशी ताडायची, आणि गाळलेल्या बिंदूंचं क्षेत्र त्यात धरायला विसरायचं नाही. नकाशा सातत्याने आठ टक्के जास्त दाखवत असेल तर सगळ्यांना एका गुणकाने खाली आणा. एकाच शेतात दोन हार्वेस्टर चालले असतील तर मात्र दोघांचं वजन वेगळं करून वेगळा गुणक काढावा लागतो. नाहीतर नकाशा सतरंजीसारखा पट्ट्यापट्ट्यांचा होतो.

पायरी ४: बिंदूंचा नकाशा करा

इथे लोक थेट क्रिगिंगवर उडी मारतात. दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंते डॅनी क्रिगे यांच्या नावाची ही पद्धत उत्तम आहे. कमी नमुन्यांवरून मधल्या जागांचा अंदाज बांधण्यासाठी ती घडली. क्यूजीआयएसमध्ये ‘स्मार्ट-मॅप’ नावाच्या प्लगइनने ती करता येते. पण उताऱ्याचे बिंदू आधीच दाट असतात. माझ्या मते नवख्याने सरळ १० मीटरचे चौकोन पाडावेत आणि प्रत्येक चौकोनात पडलेल्या बिंदूंची सरासरी घ्यावी. ‘क्रिएट ग्रिड’ आणि मग ‘जॉइन अ‍ॅट्रिब्यूट्स बाय लोकेशन’चा सारांशवाला प्रकार, एवढंच. चौकोन हार्वेस्टरच्या रुंदीपेक्षा लहान ठेवू नका. २ मीटरच्या चौकोनांचा नकाशा बारीक दिसतो, पण तो बारकावा मोजलेला नसतो, सॉफ्टवेअरने रंगवलेला असतो.

मातीच्या नमुन्यांसारखी विरळ माहिती आली, की तेव्हा क्रिगिंग शिका.

पायरी ५: रंग, म्हणजे खरी फसवणूक

रंग देण्याआधी आकड्यांचा आलेख बघा: बहुतेक चौकोन कुठल्या आकड्याभोवती आहेत, एक उंचवटा आहे की दोन. मग वर्ग पाडा. समान अंतराचे वर्ग आणि समान संख्येचे वर्ग यांतून एकाच शेताचे दोन वेगळे नकाशे निघतात. समान संख्येच्या पद्धतीत पाचवा हिस्सा शेत लाल होणारच, मग तिथे ३० क्विंटल पिकलं असो की ५८. सगळं शेत ५८ ते ६२ च्या दरम्यान असलं तरी नकाशावर होळी पेटलेली दिसते. मी समान अंतराचे पाच वर्ग ठेवतो, आकडे स्वतः गोल करून भरतो आणि तीच रंगपट्टी सगळ्या वर्षांना लावतो. लाल-हिरव्याऐवजी फिकट ते गडद असा एकच रंग घेतला तर लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांनाही नकाशा वाचता येतो.

पायरी ६: एका वर्षावर भरवसा नको

एका हंगामाचा नकाशा त्या हंगामाचं पाऊसपाणी सांगतो, जमिनीचं मर्यादित. निदान तीन वर्षं हवीत, पाच मिळाली तर उत्तम. पिकं वेगळी असली तर क्विंटलची तुलना होत नाही, म्हणून प्रत्येक चौकोनाचा उतारा त्या वर्षीच्या शेताच्या सरासरीने भागा आणि १०० ने गुणा. ११० म्हणजे सरासरीपेक्षा दहा टक्के जास्त, मग पीक गहू असो की सोयाबीन.

आता एक सापळा. खोलगट जागा कोरड्या वर्षी ओल धरते आणि १२० देते. पावसाच्या वर्षी तिथे पाणी साचतं आणि ८० येतात. दोन्हींची सरासरी १००. नकाशावर ती अगदी सर्वसामान्य दिसते, प्रत्यक्षात ती शेतातली सगळ्यात लहरी जागा आहे. म्हणून चौकोनाच्या सरासरीसोबत वर्षावर्षांतला फरकही, म्हणजे प्रमाण विचलन, काढायचं. त्यातून तीन गट पडतात: कायम चांगला, कायम मागे, आणि लहरी. पहिल्या दोन्हींसाठी आधीपासून आखणी करता येते. लहरी भागात हंगाम कसा वळण घेतो ते बघूनच निर्णय घ्यावे लागतात, उदाहरणार्थ खताचा एक हप्ता मागे ठेवणं.

पायरी ७: कारण शोधायला निघा

सुरुवात जमिनीच्या चढउतारापासून करा. मराठीत उतार आणि उतारा यांत एका कान्याचा फरक आहे, शेतातही दोन्ही बऱ्याचदा एकमेकांच्या मागेच असतात. उपग्रहाच्या ३० मीटरच्या मोफत उंची-नकाशात मात्र उंचीची चूक काही मीटरची असू शकते, छोट्या सपाट शेताला त्याचा उपयोग नाही. हार्वेस्टरवर आरटीके, म्हणजे जमिनीवरच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेणारं, जीपीएस असेल तर त्याच फाइलमधला उंचीचा स्तंभ सेंटीमीटरांच्या अचूकतेचा असतो. तो फुकट पडून असतो, वापरा.

दुसरा थर उपग्रहाच्या चित्रांचा. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातल्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात. पहिला उपग्रह २०१५ मध्ये गेला, दुसरा २०१७ मध्ये, आणि तेव्हापासून साधारण दर पाच दिवसांनी नवं चित्र येतं, ढग नसले तर. त्यातल्या १० मीटरच्या लाल आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यांवरून एनडीव्हीआय, म्हणजे पिकाच्या हिरवेपणाचा आकडा, काढता येतो: अवरक्त वजा लाल, भागिले दोन्हींची बेरीज. मागे पडलेला भाग पेरणीनंतर महिन्याभरातच फिका होता की दाणे भरताना फिका पडला, हे त्या मालिकेतून दिसतं, आणि कारणांची यादी निम्मी होते. सुरुवातीपासून फिका असेल तर उगवण, माती, पाणी साचणं. नंतर पडला असेल तर ओल संपणं, रोग, अन्नद्रव्य कमी पडणं. पीक दाट झाल्यावर एनडीव्हीआय एका पातळीला जाऊन थांबतो, तेव्हा भर हंगामातलं एकसारखं हिरवं चित्र बघून निश्चिंत होऊ नका.

‘झोनल स्टॅटिस्टिक्स’ने हे सगळे थर त्याच चौकोनांत भरले की कशाचा कशाशी संबंध दिसतो ते तपासता येतं. आकडेवारी सांभाळून वाचा. शेजारचे चौकोन एकमेकांसारखे असतातच. त्यामुळे हजार चौकोन म्हणजे हजार स्वतंत्र पुरावे नव्हेत.

मग मोबाइलवर क्यूफील्ड अ‍ॅपमध्ये नकाशा घेऊन शेतात जा. चांगल्या, मध्यम आणि मागे पडलेल्या अशा तीन जागा निवडा आणि तिन्हीकडे फावड्याने गुडघाभर खड्डा घ्या. मुळं कुठे अडली, माती कुठे घट्ट लागली, ओल किती खोल आहे हे शेजारी शेजारी ठेवून बघा. मातीचे नमुनेही तिन्हीकडचे वेगवेगळे पाठवा, एकत्र मिसळून नाही. फक्त वाईट जागेचा नमुना तपासला तर सामू (पीएच) ८.२ आला हे कळतं, पण चांगल्या जागीही ८.२च आहे हे कळत नाही.

कारण सापडलंय असं वाटलं तरी सगळ्या शेतावर उपाय करू नका. उपायाचा एक लांब पट्टा, हार्वेस्टरच्या रुंदीच्या निदान दुप्पट, चांगल्या आणि मागे पडलेल्या दोन्ही भागांतून आरपार काढा. शेजारचा तेवढाच पट्टा नेहमीसारखा ठेवा. जमलं तर अशा दोन-तीन जोड्या. पट्ट्यांच्या कडा जीपीएसने नोंदवा. काढणीनंतर त्याच वरच्या पायऱ्यांनी उत्तर मिळतं.

यील्ड मॉनिटर नसेल तरी यातलं बरंच जमतं. सेंटिनेलच्या चित्रांवरून शेताचे तीन भाग पाडायचे, प्रत्येकात ५ बाय ५ मीटरचे तीन-चार चौकोन आखायचे, हाताने कापून, मळून, वजन करून मोबाइलच्या जीपीएसने जागा नोंदवायची. २५ चौरस मीटरमधल्या किलोंना ४ ने गुणलं की हेक्टरी क्विंटल मिळतात. नकाशा ठिगळांचा होतो, पण त्यात उशिराचा आणि रुंदीचा दोष नसतो.

मॉनिटर असेल तर पुढच्या काढणीच्या पहिल्या दिवशी एक तास काढा. वेगवेगळ्या वेगाने चार-पाच भार कापा, प्रत्येक काट्यावर नेऊन खरं वजन यंत्रात भरा. रुंदीचा आकडा टेपने मोजून घाला. आणि चालकाला सांगून ठेवा, की अरुंद पट्टा आला तर स्क्रीनवर रुंदी कमी करायची.